हात बसावा रबरावर, माणसावर नव्हे
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'कोंब' हा शब्द शहापूर-मुरबाडकडे दोन ठिकाणी ऐकू येतो. एक शेतात, भाताचं बी रुजलं की. दुसरा दवाखान्यात. "मॅडम, कोंब आलाय, परसाकडला रक्त पडतं," असं रुग्ण सांगतो आणि निदानही स्वतःच करून मोकळा होतो : मूळव्याध. घरच्यांनी मान डोलावलेली असते, आठवडी बाजारातून पुड्या आणून झालेल्या असतात. कुणी तिखट बंद केलेलं असतं, कुणी सुरणाची भाजी खात असतं. पोटविकाराची डॉक्टर म्हणून मी या भागातले रुग्ण पाहत आले आहे आणि माझा अनुभव असा, की दहापैकी बहुतेकांचं म्हणणं खरंही निघतं. ती मूळव्याधच असते. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

आज मला ज्या कोंबाबद्दल बोलायचं आहे तो वेगळा. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराजवळच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या. दुसरा कोंब मोठ्या आतड्याच्या आत, अस्तरावर उगवतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. कधी तो देठावर उभ्या असलेल्या अळंबीसारखा दिसतो, कधी मसुराच्या दाण्यासारखा बसका, तर कधी इतका सपाट की अस्तराची घडी आणि तो यांत फरक कळू नये. तो दुखत नाही. बहुतेक वेळा रक्तही पडत नाही. पडलं, तर मूळव्याधीसारखंच पडतं. म्हणून घोटाळा होतो.

लहान मुलांतही पॉलिप होतो, हे पुष्कळ आयांना ठाऊक नसतं. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला शी करताना दुखत नाही, पण वरचेवर ताजं रक्त पडतं, तेव्हा मूळव्याधीपेक्षा पॉलिपची शक्यता कितीतरी जास्त असते. मुलांमधला हा पॉलिप बहुधा एकुलता आणि निरुपद्रवी असतो, काढला की प्रश्न मिटतो. पण तो आहे हे कुणाला तरी सुचायला हवं.

मोठ्या माणसांत गोष्ट जरा गंभीर होते. सगळे पॉलिप वाईट नसतात, हे आधी सांगते. पण त्यांतल्या काही प्रकारांचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. हे एका रात्रीत होत नाही. साधारणपणे दहा वर्षांच्या आसपास काळ जातो. निसर्गानं दिलेली ही मोठी सवलत आहे. कर्करोग होण्याच्या आधीच तो ज्यातून होणार ते मूळ काढून टाकता येतं. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढला. तोपर्यंत त्यासाठी पोट उघडावं लागे. पुढे १९९३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं, की पॉलिप काढलेल्या लोकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी झाला.

मग अडतं कुठे? अडतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यापाशी आणि हातापाशी.

मोठ्या आतड्याची दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, ही काही फोटो काढण्यासारखी तपासणी नाही. बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी गुदद्वारातून आत घालून सुमारे दीड मीटर लांबीच्या, वळणावळणाच्या, पोटात सैल लोंबणाऱ्या आतड्यातून शेवटपर्यंत न्यायची असते. डाव्या हाताच्या अंगठ्यानं दोन चाकं फिरवून नळीचं टोक वर-खाली, डावी-उजवीकडे वळवायचं. उजव्या हातानं नळी पुढे सरकवायची, मागे घ्यायची, पिळायची. डोळे पडद्यावर. नवशिक्या डॉक्टर नुसता ढकलत राहतो. त्यानं आतड्यात नळीचं वेटोळं होतं, टोक जागच्या जागी राहतं आणि रुग्ण कळवळतो. जाणता डॉक्टर अशा वेळी नळी मागे ओढतो, थोडी पिळतो, वेटोळं सोडवतो आणि टोक आपोआप पुढे जातं. पुढे जाण्यासाठी मागे यायचं, हे पुस्तकात वाचून हाताला कळत नाही.

शेवटपर्यंत पोचलं की खरं काम सुरू होतं. पॉलिप शोधायचे ते परत येताना. आतड्याला आडव्या घड्या असतात, प्रत्येक घडीच्या मागे डोकवावं लागतं. घाण राहिली असेल तर धुवावी लागते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. परत येताना सरासरी सहा मिनिटं किंवा जास्त वेळ देणाऱ्या डॉक्टरांना घाई करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक रुग्णांत महत्त्वाचे पॉलिप सापडले होते. त्याच वर्षी निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. त्यांत एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा दुर्बीण केली होती. पहिल्या खेपेला पाचातला एक पॉलिप नजरेतून सुटतो, असं त्यातून निघालं. आणि २०१४ साली तीन लाखांहून अधिक तपासण्यांचा अभ्यास आला. ज्या डॉक्टरला कर्करोगाकडे झुकणारे पॉलिप जास्त रुग्णांत सापडतात, त्याच्या रुग्णांना पुढे कर्करोग कमी होतो. सापडण्याचं प्रमाण एका टक्क्यानं वाढलं, तर पुढच्या कर्करोगाचा धोका तीन टक्क्यांनी उतरतो. थोडक्यात, तपासणी झाली याला फारसा अर्थ नाही. ती कुणी आणि कशी केली याला आहे.

आता हीच गोष्ट टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या माणसाच्या बाजूनं बघू.

त्याला दुर्बिणीसाठी कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठायची आहे. मुरबाडकडचा माणूस एसटीनं कल्याणला येणार. शहापूरकडचा आसनगाव किंवा खर्डीला लोकल पकडणार. तपासणीआधी आतडं स्वच्छ व्हावं म्हणून दोन ते चार लिटर जुलाबाचं औषध प्यायचं असतं. अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या काही तास आधी पहाटे. शहरातल्या माणसाला हे जमतं, कारण संडास घरात असतो. पहाटेच्या एसटीत बसलेल्या माणसानं काय करायचं? तो पहाटेचं औषध पीतच नाही. मग आतडं अर्धवट साफ राहतं, डॉक्टर वैतागतो आणि पॉलिप घाणीखाली लपून राहतो. सोबत एक माणूस लागतो, कारण गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर एकट्याला घरी सोडत नाहीत. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. लावणीचे दिवस असले तर शेत थांबलं. घरदार वीटभट्टीवर गेलेलं असेल तर मुकादमाची परवानगी.

एवढं करून आलेला माणूस "पुन्हा या" म्हटल्यावर येत नाही. त्याच्या वाट्याला बहुधा एकच तपासणी येते. तीच नीट व्हायला हवी. आणि म्हणूनच, ती करणाऱ्या डॉक्टरचा तो पहिला, पाचवा किंवा दहावा प्रयत्न असता कामा नये.

आजवर डॉक्टर शिकले कसे? खरं सांगायचं तर रुग्णांवर. वरिष्ठ शेजारी उभे राहत, शिकाऊ डॉक्टर नळी हातात घेई, अडलं की वरिष्ठ घेत. शिक्षण सार्वजनिक रुग्णालयांत चालतं आणि तिथे येतो गरीब माणूस. त्यामुळे शिकण्याचा त्रास कुणाच्या पोटाला व्हायचा, हे ठरल्यासारखंच होतं.

विमानचालकांनी हा प्रश्न फार आधी सोडवला. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसानं १९२९ साली जमिनीवरच उडण्याचा सराव देणारं लाकडी विमान बनवलं. आज प्रवाशांना घेऊन उडण्याआधी वैमानिक अशा नकली विमानात तासन्‌तास घालवतो, तिथे इंजिन बंद पाडून बघतो, विमान 'पाडतो' सुद्धा. कुणी मरत नाही. वैद्यकातही नकली श्वासोच्छ्वास शिकवणारी बाहुली १९६० साली आली. दुर्बिणीच्या सरावाचं तत्त्व तेच. इंग्रजीत त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपण सराव-प्रतिकृती म्हणू.

तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला रबराचं आतडं. माणसाच्या धडाच्या आकाराच्या खोक्यात ते हवं तसं वळवून बसवतात : कधी सरळ, कधी मुद्दाम वेटोळं पडेल असं. खरी दुर्बीण त्यात घालायची. वेटोळं कसं पडतं आणि कसं सुटतं, हे हाताला इथे कळतं. दुसरा संगणकाचा. नळी एका यंत्रात घालायची, पडद्यावर आतडं दिसतं, चुकीचं ढकललं की यंत्रातला 'रुग्ण' कण्हतो. किती अस्तर नीट पाहिलं आणि किती सुटलं, याची टक्केवारी शेवटी मिळते. हे यंत्र महाग असतं. तिसरा प्रकार म्हणजे खाटकाकडून आणलेलं जनावराचं आतडं. त्यावर खोटे पॉलिप तयार करून ते कापण्याचा सराव करतात.

कापणं हा निराळाच विषय आहे. लहान पॉलिप तारेच्या फासात धरून विजेशिवाय नुसता कापता येतो. मोठ्या, सपाट पॉलिपखाली आधी सलाइन टोचून फोड आणावा लागतो, म्हणजे तो खालच्या थरापासून उचलला जातो आणि आतड्याला भोक पडण्याची भीती कमी होते. रक्त आलं तर चिमटा लावायचा. आणि सगळ्यांत अवघड शिक्षण म्हणजे कधी हात लावायचा नाही हे ओळखणं. मोठा पॉलिप अर्धवट कापून ठेवला की खाली व्रण धरतो आणि नंतर अनुभवी डॉक्टरलाही तो पुरा काढणं जड जातं. संशयास्पद दिसला तर शाई टोचून जवळ खूण करायची, फोटो घ्यायचे आणि मोठ्या केंद्रात पाठवायचं. सरावाच्या खोलीत शिकवणारा मुद्दाम असा पॉलिप पुढे ठेवतो आणि विचारतो, "काय करणार?" "सोडून देणार, पण नीट नोंद करून," हे उत्तर तिथे बरोबर ठरतं.

आता डोळ्याच्या शिक्षणाबद्दल. इथे आपल्या देशाची एक विशेष अडचण आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि पॉलिप, दोन्ही आपल्याकडे अमेरिका-जपानच्या मानानं कमी आढळतात. ही चांगलीच गोष्ट. सरकारी कार्यक्रमात तिशीवरच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. आतड्यासाठी तशी सरसकट तपासणी नाही, आणि रोगाचं प्रमाण बघता ते समजण्यासारखं आहे. पण परिणाम असा, की आपल्या शिकाऊ डॉक्टरच्या नजरेसमोरून पॉलिप कमी जातात. जी गोष्ट क्वचित दिसते ती ओळखायला डोळा तयार होत नाही. म्हणून चित्रं आणि चित्रफिती बघून सराव करणं पाश्चात्त्य डॉक्टरपेक्षा आपल्या डॉक्टरला जास्त गरजेचं आहे. चित्रफीत चालू असते, पॉलिप दिसला की कळ दाबायची. मग सांगायचं : हा निरुपद्रवी की धोक्याचा? पृष्ठभागावरची नक्षी कशी आहे? रक्तवाहिन्या कशा दिसतात?

अशा शिक्षणाचा उपयोग होतो का? अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या जॅक्सनव्हिल शाखेत १५ अनुभवी डॉक्टरांवर हा प्रयोग झाला. निकाल २०१३ साली आला. शिक्षणाआधी सगळ्यांना साधारण ३६ टक्के रुग्णांत धोक्याच्या प्रकारचे पॉलिप सापडत होते. ज्यांना शिकवलं त्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवर गेलं. ज्यांना शिकवलं नाही ते होते तिथेच राहिले. लक्षात घ्या, हे नवशिके नव्हते.

आणि डोळा तयार करायला पदवीच लागते असंही नाही. याचं उदाहरण शेजारच्या मुंबईत आहे. टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ साली झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. बेताचं शिक्षण झालेल्या आरोग्यसेविकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगरसारखं द्रावण लावायचं आणि पांढरा डाग दिसतो का ते साध्या डोळ्यांनी पाहायचं, एवढंच काम. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तिथे या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. अवयव वेगळा, रोग वेगळा, पण कर्करोगाच्या आधीची पायरी नजरेनं पकडायची हे तत्त्व एकच. नीट शिकवलेली नजर जीव वाचवते.

सराव-प्रतिकृती म्हणजे जादूची कांडी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. संगणकी यंत्रांवरच्या सरावाच्या १८ चाचण्यांचा आढावा २०१८ साली कॉक्रेन या संस्थेनं घेतला. निष्कर्ष असा, की सुरुवातीच्या शिक्षणाला हा सराव चांगला हातभार लावतो, पण वरिष्ठांच्या देखरेखीखाली खऱ्या रुग्णांवर होणाऱ्या शिक्षणाची जागा तो घेऊ शकतो असा पुरावा नाही. रबराच्या आतड्याला भीती नसते, लाज नसते. त्याला आधी कधी ऑपरेशन झालेलं नसतं.

अलीकडे संगणकच पडद्यावर पॉलिपभोवती चौकट काढून दाखवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही मदत उपयोगी आहे. पण २०२५ साली पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो विचार करायला लावणारा आहे. ही मदत वापरायची सवय झाल्यानंतर, मदत नसताना केलेल्या तपासण्यांत डॉक्टरांना पॉलिप सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरलं. कुबडी घेतली तरी पायाचा व्यायाम सोडू नये, असा याचा मी अर्थ लावते.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, "बाई, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दुर्बीण नाही, मग आम्हाला याचं काय?" याचं उत्तर सोपं आहे. खेड्यातल्या डॉक्टरला दुर्बीण शिकायची गरज नाही. त्याला शिकायचं आहे ते बोटानं तपासणं. हातमोजा घालून गुदद्वारातून बोट आत घालायचं आणि सात-आठ सेंटिमीटरपर्यंत चाचपायचं. खर्च एका हातमोज्याचा. आपल्या देशात मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी बरेचसे गुदाशयात, म्हणजे अगदी शेवटच्या भागात असतात आणि चाळिशीच्या आतल्या रुग्णांचं प्रमाणही पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त असतं. त्यांतल्या कित्येक गाठी बोटाला लागतात. तरी ही तपासणी टाळली जाते. रुग्ण लाजतो. स्त्री रुग्ण तर विषयच काढत नाही. आणि डॉक्टरही लाजतो, कारण त्याला आत्मविश्वास नसतो. विद्यार्थिदशेत किती जणांना ती खरोखर करायला मिळाली असेल?

यासाठीही रबराची प्रतिकृती असते. आत निरनिराळे भाग बदलून बसवता येतात : एक निरोगी, एक देठाच्या पॉलिपचा, एक कडक, खडबडीत गाठीचा. डोळे मिटून बोटानं ओळखायचं. मऊ काय, टणक काय, हलतं काय, चिकटलेलं काय. संगणकी यंत्राच्या मानानं ती फारच स्वस्त असते आणि पिशवीत घालून नेता येते. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली आहे. विद्यार्थ्यांना तिथे प्रतिकृतीवर हात बसवता येतो. पण आधी शिकून खेड्यात काम करणाऱ्यांचं काय? माझं म्हणणं आहे, की तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांच्या बैठका होतातच. शहापूरला, मुरबाडला अशी एक प्रतिकृती टेबलावर असावी आणि बैठकीआधी प्रत्येकानं दहा मिनिटं तिच्यावर घालवावीत. सोबत परिचारिकाही असाव्यात. रुग्णाशी काय बोलायचं, आडोसा कसा करायचा, स्त्री रुग्णाबरोबर कुणी थांबायचं, हाही सरावाचाच भाग आहे.

तुम्हीही काही गोष्टी करू शकता. शौचातून रक्त पडत असेल तर तपासल्याशिवाय मूळव्याधीचं औषध घेऊ नका. "डॉक्टर, बोटानं तपासणार का?" असं खुशाल विचारा. वय चाळिशीच्या पुढे असेल, शौचाच्या सवयीत काही आठवड्यांपासून बदल असेल, वजन उतरत असेल, अंगात रक्त कमी असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर दुर्बिणीची गरज आहे का ते विचारा. वय कमी असलं तरी रक्त थांबत नसेल तर थांबू नका. दुर्बीण ठरली तर आदल्या दिवशी रुग्णालयात किंवा जवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करता येईल का ते पाहा, म्हणजे पहाटेचं औषध चुकणार नाही. रुग्णालयानंही दूरच्या रुग्णाला सकाळची पहिली वेळ न देता उशिराची द्यावी. आणि तपासणी झाल्यावर तीन प्रश्न विचारा : आतडं स्वच्छ होतं का, दुर्बीण शेवटपर्यंत गेली का, आणि काही सापडलं असेल तर पुढची तपासणी कधी? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या.

आपल्या डॉक्टरनं सराव कुठे केला, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. विचारलं तर चांगल्या डॉक्टरला राग येऊ नये. दोन दिवसांची मजुरी आणि मनातली लाज बाजूला ठेवून जो माणूस मुरबाडहून येतो, त्याला निदान एवढं कळायला हरकत नाही, की या हातानं आधी रबराचं आतडं शंभर वेळा पाहिलेलं आहे.